मशीद झालेल्या जुन्या ग्रीक चर्चचा जीर्णोद्धार : काम कोणत्या क्रमाने करावे

तुर्कस्तानात मशीद झालेली ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत, आणि आपल्या हाती आलेली वास्तू त्यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते यावर पुढचे बहुतेक निर्णय अवलंबून असतात. पहिला प्रकार बायझंटाइन म्हणजे ऑटोमनपूर्व पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातल्या वास्तूंचा आहे. इस्तंबूलमधील आयासोफ्या (हागिया सोफिया), कारिये व झेयरेक, इझनिकचे आयासोफ्या आणि त्राबझोनचे आयासोफ्या ही त्याची ठळक उदाहरणे असून ऑटोमन सत्ता आल्यानंतर वेगवेगळ्या वेळी ती मशिदी झाली. दुसरा प्रकार 19व्या शतकात गावोगावी बांधल्या गेलेल्या चर्चचा आहे. 30 जानेवारी 1923 रोजी लोझान येथे झालेल्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली, अनातोलियातील ऑर्थोडॉक्स कुटुंबे ग्रीसला गेली, ग्रीसमधली मुस्लीम कुटुंबे इकडे आली आणि रिकाम्या पडलेल्या अनेक चर्चमध्ये नमाज सुरू झाला. आयवालिकच्या सातली आणि चनार्ली या मशिदी किंवा कप्पादोकियातील ग्युझेलयुर्तची मशीद याच वाटेने आजच्या रूपात आल्या आहेत.

या दोन्ही प्रकारांत काम करणाऱ्याने सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे की अशा वास्तूला एकच मूळ रूप नसते. कारियेतील मोझेक आणि भित्तिचित्रे 1315 ते 1321 या काळात झाली आणि 16व्या शतकाच्या आरंभी ती वास्तू मशीद झाली, म्हणजे त्या चित्रांचा मशिदीतला काळ चर्चमधल्या काळापेक्षा अधिक आहे. मशिदीचा थर खरवडून चर्च बाहेर काढणे, किंवा चर्चच्या खुणा झाकून निव्वळ मशीद उभी करणे, या दोन्ही गोष्टींत पुरावा नष्ट होतो आणि तो परत मिळवता येत नाही. वास्तुजतनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे 11वे कलम वास्तूत भर घालणाऱ्या सर्व काळांचा आदर करायला सांगते. पुढे दिलेला कामाचा क्रम याच भूमिकेतून आखलेला आहे.

मालकी, परवानगी आणि जुने दप्तर

वास्तू कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहावे. वापरातल्या ऐतिहासिक मशिदी बहुधा वक्फ महासंचालनालयाच्या ताब्यात असतात, तर काही वास्तू सरकारी खजिन्याच्या किंवा नगरपालिकेच्या नावावर असतात. मालक कोणीही असला, तरी नोंदणीकृत वास्तूला 1983 चा 2863 क्रमांकाचा सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा संरक्षण कायदा लागू होतो. प्रादेशिक जतन मंडळाच्या मंजुरीविना तिला हात लावणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. भिंतीलगत खणायचे असेल, तर स्थानिक संग्रहालयाची देखरेखही लागते. चर्चभोवती दफने असण्याची शक्यता मोठी असल्याने ही अट कागदापुरती मानू नये.

मंडळासमोर नकाशांचे तीन संच ठेवावे लागतात. रोलोव्हे म्हणजे वास्तू आज जशी उभी आहे तशी, भेगा व पडझडीसह केलेली मोजणी. रेस्टितुस्योन म्हणजे ती वेगवेगळ्या काळांत कशी होती याची पुराव्यांवर आधारलेली मांडणी. रेस्टोरास्योन म्हणजे प्रत्यक्ष करावयाचे काम. बहुतेक चुका दुसऱ्या संचात जन्म घेतात, कारण पोकळ जागा आत्मविश्वासाने भरण्याचा मोह तिथेच होतो. म्हणून त्या नकाशांवर खात्रीचे, संभाव्य आणि निव्वळ तर्काचे असे तीन रंग ठेवावेत आणि तिसऱ्या रंगातली एकही गोष्ट रेस्टोरास्योनच्या संचात उतरू देऊ नये. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे व्हेनिस सनदेचे 9वे कलम सांगते. प्रस्तुत वास्तूंच्या बाबतीत ते अक्षरशः पाळायला हवे.

पुराव्याचा शोध दोन्ही देशांत घ्यावा लागतो, आणि या टप्प्याला मिळतो त्यापेक्षा जास्त वेळ मिळायला हवा. ऑटोमन राज्यात चर्च बांधायला किंवा दुरुस्त करायला सुलतानाची परवानगी लागत असे, त्यामुळे 19व्या शतकातल्या चर्चसंबंधीचे अर्ज आणि फर्माने इस्तंबूलच्या ऑटोमन दप्तरात सापडू शकतात. त्यांत लांबी, रुंदी आणि उंची झिरा या मापात दिलेली असते. वास्तुशिल्पींचा झिरा सुमारे 75.8 सेंटिमीटरचा असल्याने ती मापे आजच्या मोजणीशी ताडून पाहता येतात आणि नंतर वाढवलेला भाग ओळखू येतो. दुसरीकडे अथेन्समध्ये मेल्पो मेर्लिए यांनी 1930 मध्ये सुरू केलेले आशिया मायनर अभ्यास केंद्र आहे. निर्वासितांनी तोंडी सांगितलेल्या आठवणी तिथे गावागणिक जपून ठेवल्या आहेत, आणि कोणत्या सणाला कोणत्या दाराने मिरवणूक निघे असा तपशील एखाद्या बुजवलेल्या दाराचा उलगडा करू शकतो. ग्युझेलयुर्त म्हणजे जुन्या कार्वालीचे ग्रीक रहिवासी ग्रीसमध्ये कावालाजवळ निआ कार्वाली येथे वसले आणि संत ग्रेगरीचे अवशेष त्यांनी सोबत नेले. अशा वस्त्यांतल्या जुन्या घरांत मूळ चर्चची छायाचित्रे असू शकतात, म्हणून तिथवर पत्रव्यवहार जरूर करावा.

कप्पादोकियात दारांवरच्या शिलालेखांकडे विशेष लक्ष द्यावे. तिथले अनेक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरी तुर्की बोलत आणि तीच भाषा ग्रीक लिपीत कोरत. ज्याला फक्त ग्रीक येते किंवा फक्त तुर्की येते त्याला हे लेख निरर्थक वाटू शकतात, म्हणून दगड साफ करण्याआधी त्यांचे ठसे आणि तिरप्या प्रकाशातली छायाचित्रे घेऊन जाणकाराकडून वाचून घ्यावीत.

मोजणी करताना काय पाहावे

लेझर स्कॅनर आणि फोटोग्रामेट्री यांनी मापे चटकन मिळतात, पण 1:50 प्रमाणातला दगडागणिक नकाशा परांचीवर उभे राहून हाताने तपासावा, कारण दोन प्रकारच्या गिलाव्यांमधला सांधा किंवा करवतीच्या खुणांमधला फरक माणसाच्या डोळ्यालाच आधी दिसतो. प्रत्येक भिंतीवर काळानुसार रंग भरत जावे. लाकडी कड्या व तुळया यांवर वृक्षवलयांच्या आधारे काळ ठरवता येतो, आणि इस्तंबूलमधील बायझंटाइन वास्तूंच्या अभ्यासात ही पद्धत उपयोगी ठरली आहे. म्हणून सडकी तुळई फेकण्याआधी तिचा नमुना काढून ठेवावा.

दिशा हा मोजणीतला महत्त्वाचा भाग आहे. चर्चची वेदी जिथे असते तो अर्धवर्तुळाकार भाग पूर्वेकडे असतो, तर मक्केची दिशा इस्तंबूलहून आग्नेयेला आणि कप्पादोकियाहून जवळजवळ दक्षिणेला येते. म्हणून मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, वेदीच्या अक्षावरून सरकलेला असतो, किंवा दक्षिणेच्या भिंतीतले दार वा खिडकी बुजवून तिथे बसवलेला असतो, आणि गालिच्याच्या रांगा खांबांच्या रांगांना तिरप्या जातात. ही विसंगती सरळ करू नये. वास्तूने दोन दिशा कशा सामावून घेतल्या हे तिथेच वाचता येते, आणि दार मोकळे करण्यासाठी मिहराब हलवला तर त्यामागचे 1923 नंतरचे किंवा त्याहून कितीतरी जुने बांधकाम तपासणीआधीच नाहीसे होते.

नंतरची भर काढण्याचा विचार मनात आला तर इस्तंबूलच्या आयासोफ्याचा इतिहास समोर ठेवावा. 537 मध्ये पूर्ण झालेल्या त्या वास्तूचा घुमट 558 मध्ये कोसळला, आणि पुन्हा बांधलेल्या घुमटाचे भाग 989 व 1346 मध्ये पडले. बायझंटाइन काळातच तिला बाहेरून आधारभिंती द्याव्या लागल्या, आणि 16व्या शतकात ऑटोमन वास्तुशिल्पी मिमार सिनानने आणखी आधार उभारले. ग्रीसमधील थेस्सालोनिकीच्या रोटुंडा या मशीद झालेल्या चर्चजवळचा मिनार ते परत ख्रिस्ती झाल्यावरही पाडला गेला नाही, आणि शहरात टिकून राहिलेला ऑटोमन काळातला तो एकमेव मिनार आहे. एखादी भर कुरूप वाटते म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. तिच्यावर भार किती येतो हे अभियंत्याने लेखी दिल्याशिवाय तिची एक वीटही सैल करू नये.

पाणी प्रथम

जीर्णोद्धाराचा निधी बहुधा दिसणाऱ्या गोष्टींवर आधी खर्च होतो आणि छत शेवटी राहते. हा क्रम उलटा हवा. घुमटात मुरलेले पाणी चित्रांमागच्या गिलाव्यात उतरते, क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते आणि भिंतीला लोणा लागतो. क्षारांचे स्फटिक वाढत गेले की रंगाचा थर सुटा होतो. छत गळते आहे तोवर आतले एकही चित्र साफ करू नये, कारण साफ केलेला पृष्ठभाग क्षारांपुढे अधिक उघडा पडतो.

घुमटावरचे शिशाचे पत्रे साधारण 2 ते 3 मिलिमीटर जाडीचे असतात आणि ऑटोमन पद्धतीत ते चिखलाच्या थरावर बसवले जात. पत्रे उचलल्यावर खालची माती, कौलांचे तुकडे व जुन्या गिलाव्याचे थर यांची नोंद करावी, कारण चर्चचे मूळ छप्पर कसे होते याचे अवशेष तिथेच दडलेले असतात. पत्र्याखाली सिमेंटचा थर घालू नये, कारण तो ओलावा कोंडून ठेवतो आणि शिसेही आतल्या बाजूने झिजते. 20व्या शतकातल्या दुरुस्त्यांत घातलेला काँक्रीटचा थर आढळला, तर तो काढण्याआधी घुमटाला आधार द्यावा आणि यंत्राने न फोडता हाताने थोडा थोडा काढावा.

त्यानंतर पन्हाळी, नळ आणि भिंतीभोवतीची जमीन पाहावी. शतकानुशतके भर पडत गेल्याने बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झालेली असते आणि भिंत खालून ओल ओढते. उतार बदलून पाणी दूर नेणे हा पहिला उपाय आहे. चर खणायचा झाल्यास पुरातत्त्वज्ञाच्या उपस्थितीत, छोट्या टप्प्यांत खणावा. वुजूच्या (नमाजाआधी हातपाय धुण्याच्या) नळांचे सांडपाणी कुठे जाते हेही तपासावे, कारण पायाजवळ फुटलेला एक नळ पावसापेक्षा जास्त नुकसान करू शकतो. छत आणि निचरा पूर्ण झाल्यावर किमान एक हिवाळा व एक उन्हाळा भिंतींना सुकू द्यावे. याच काळात भेगांवर मापपट्ट्या लावून दर महिन्याला नोंद ठेवावी, म्हणजे तापमानाबरोबर उघडमीट करणारी भेग आणि सतत रुंदावत जाणारी भेग वेगळ्या ओळखता येतील.

चुना, सुरखी आणि लोखंड

बायझंटाइन गवंड्यांनी चुन्यात विटेचा चुरा आणि विटेचे तुकडे मिसळले, ऑटोमन गवंड्यांनीही तेच केले आणि तुर्कस्तानात त्या मिश्रणाला होरासान म्हणतात. मराठी वाचकाला ही सुरखी ओळखीची आहे. जुन्या बायझंटाइन भिंतीत सुरखी-चुन्याचा थर विटेइतका किंवा विटेहून जाड असतो. वीट सुमारे 35 ते 38 सेंटिमीटर चौरस आणि 4 ते 5 सेंटिमीटर जाड असल्याने भिंतीचा मोठा हिस्सा चुन्याचाच असतो. म्हणून नवा चुना जुन्यापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र हवा. सिमेंट घट्ट असते, पाण्याची वाफ अडवते आणि स्वतःचे क्षार भिंतीत सोडते, आणि मग ओल दरजांतून न सुकता विटेतून व दगडातून सुकते, म्हणजे मूळ सामानच झिजते. कप्पादोकियाच्या मऊ टफ दगडात सिमेंटने भरलेली दरज तशीच राहते आणि भोवतालचा दगड मात्र खचत जातो.

चुना विरवून काही महिने पाण्याखाली मुरू द्यावा. सुरखीसाठी कमी आंचेवर भाजलेली वीट घ्यावी, कारण फार कडक भाजलेल्या विटेचा चुरा चुन्याशी नीट संयोग पावत नाही. प्रमाण ठरवण्याआधी जुन्या मिश्रणाचे नमुने वास्तूच्या निरनिराळ्या भागांतून आणि काळांतून घेऊन प्रयोगशाळेत तपासावेत. बहुतेक वेळा एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग सुरखी व वाळू या पट्ट्यातले प्रमाण निघते, पण ते गृहीत धरू नये. नमुन्याची भिंत बांधून पावसाळी दिवसांतून जाऊ द्यावी. कडाक्याच्या थंडीत चुन्याचे काम बंद ठेवावे आणि उन्हाळ्यात ओली पोती बांधून भिंत हळूहळू वाळवावी. दरजा भरताना पूर्वी भरलेले सिमेंट बारीक छिन्नीने काढावे. फिरत्या पात्याचे यंत्र लावले तर विटांच्या कडा कापल्या जातात.

भेगांत द्रव चुना भरायचा असेल, तर खालून वर, कमी दाबाने आणि क्षार नसलेल्या, पाण्यातही घट्ट होणाऱ्या (हायड्रॉलिक) चुन्याने भरावा. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला चित्रे असतील तर त्या बाजूला माणूस उभा ठेवावा, म्हणजे मिश्रण झिरपताच काम थांबवता येईल. लोखंडाच्या बाबतीत अथेन्सच्या पार्थेनॉनची आठवण ठेवावी. पुढे चर्च आणि नंतर मशीद झालेल्या त्या मंदिरात निकोलाओस बालानोस यांनी 20व्या शतकाच्या पहिल्या दशकांत वापरलेल्या लोखंडी पकडी गंजून फुगल्या आणि संगमरवर तडकला. पुढच्या पिढीने त्या जागी टायटॅनियम वापरले. प्राचीन कारागीर मात्र लोखंडावर शिसे ओतून ते हवेपासून राखत असत. छोट्या चर्चमध्ये गंजरोधक पोलादाचे ताण पुरे पडतात, पण त्यांचे स्थान आणि ताण अभियंत्याने भूकंपाचा हिशोब करून ठरवावेत. उत्तर अनातोलियाचा भ्रंश जवळ असलेल्या प्रदेशात हा हिशोब वगळता येत नाही.

भिंतीवरचे चित्र : उघडावे की राहू द्यावे

या टप्प्यावर घाई सर्वांत जास्त होते, आणि चुका अशा होतात की त्या सुधारता येत नाहीत. चुन्याच्या पांढऱ्या थराने अनेकदा खालचे चित्र वाचवले आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की हे चित्र उघडल्यावर पुढची अनेक वर्षे त्याची देखभाल कोण करणार आहे. याचे उत्तर नसेल तर तो थर तसाच राहू द्यावा, त्याची नोंद करावी आणि सुटणाऱ्या कडा चुन्याने बांधून घ्याव्यात.

उघडायचे ठरल्यास आधी तिरपा प्रकाश आणि उष्णता टिपणारा कॅमेरा यांनी पाहणी करावी, मग तळहाताएवढ्या चाचणी-खिडक्या उघडून थरांची क्रमवारी लिहावी. सुटलेला गिलावा आधी मागून चुन्याच्या द्रवाने जोडावा, सुटता रंग जपानी कागदाने तात्पुरता धरावा आणि मगच शस्त्रक्रियेच्या सुरीसारख्या हत्याराने थर हाताने उचलावा. आम्ल वापरू नये, कारण ते चुन्याच्या थराबरोबर चुन्यावरचे चित्रही खाते. अनेक चर्चमध्ये नवा गिलावा धरावा म्हणून चित्रांवर टिकावाचे घाव घातलेले दिसतात, आणि त्राबझोनच्या आयासोफ्यातही असे घाव सापडले. डेव्हिड टॅल्बट राइस यांच्या नेतृत्वाखाली एडिंबरा विद्यापीठाच्या चमूने 1957 ते 1962 या काळात तिथली चित्रे उघडून जतन केली. हे घाव रंगवून मिटवू नयेत. ते पृष्ठभागापेक्षा किंचित खोल राहतील अशा चुन्याने भरावेत, म्हणजे दुरून चित्र सलग दिसते आणि जवळून इतिहास वाचता येतो.

सर्वांत अवघड प्रश्न वरच्या थरावरही चित्रकाम असते तेव्हा उभा राहतो. ऑटोमन काळातली वेलबुट्टी, जिला तुर्कीत कालेम इशी म्हणतात, किंवा सुलेखन हेही तितकेच जपण्याजोगे असते. आयासोफ्याच्या घुमटाच्या माथ्यावर काझास्कर मुस्तफा इझ्झेत एफेंदी यांच्या हातची कुराणातील आयत आहे, आणि तिच्याखाली काय दडले आहे हे पाहण्यासाठी ती काढणे हा मार्ग नव्हे. दोन थर एकमेकांवर असतील तर वरचा राहू द्यावा, आणि वरचा जिथे आधीच गळून गेला आहे तिथेच खालचा दिसू द्यावा. नमाजाच्या सोयीसाठी चित्र झाकावे लागले, तर झाकण परत काढता येणारे हवे. आयासोफ्याची दुरुस्ती करणाऱ्या फोसाती बंधूंनी 1847 ते 1849 मध्ये तिथल्या सहा पंखांच्या देवदूतांचे चेहरे धातूच्या आवरणांनी झाकले होते, आणि 2009 मध्ये त्यांपैकी एक आवरण काढल्यावर चेहरा शाबूत मिळाला. त्याच बंधूंनी आणि 1848 मध्ये तिथे गेलेल्या विल्हेल्म साल्झेनबर्ग यांनी काढलेल्या नोंदींतले काही मोझेक आज उरलेले नाहीत, आणि ती रेखाटने हाच त्यांचा एकमेव पुरावा आहे. म्हणून झाकण्याआधी पूर्ण नोंद करणे ही अट आहे.

वापरातल्या मशिदीत काम

नमाज चालू असेल तर वास्तू दोन भागांत विभागून काम करावे आणि इमाम व गावकरी यांना प्रत्येक टप्पा आधी समजावून सांगावा. ज्यांनी अनेक दशके ही वास्तू झाडून-पुसून राखली, त्यांना परके मानून केलेले काम पुढे टिकत नाही. त्याचबरोबर ग्रीसहून पूर्वजांचे गाव पाहायला येणाऱ्यांना वेदी, शिलालेख आणि बाप्तिस्म्याचे कुंड कुठे आहे हे सांगणारा साधा फलक ठेवावा.

जुन्या फरशीवर प्लायवूड ठोकू नये. झेयरेकमध्ये 12व्या शतकातील रंगीत संगमरवरी फरशी गालिच्याखाली आहे, आणि अशा ठिकाणी खाली हवा खेळेल अशा सुट्या लाकडी चौकटीवर गालिचा अंथरावा आणि तपासणीसाठी उचलता येईल असा भाग ठेवावा. फरशीखालून तापवण्याची व्यवस्था टाळावी, कारण ती क्षार वर ओढते. शुक्रवारच्या गर्दीत श्वासाने आर्द्रता वाढते, म्हणून घुमटाच्या खिडक्यांतली हवेची वाट मोकळी ठेवावी आणि आर्द्रतामापक वर्षभर चालू ठेवावा. ध्वनिक्षेपकांच्या तारा आणि दिवे जुन्या खिळ्यांना किंवा लाकडी पट्ट्यांना बांधावेत, भिंतीत नवी भोके पाडू नयेत.

काम संपल्यावर सर्व नकाशे, नमुन्यांचे अहवाल, वापरलेल्या चुन्याचे प्रमाण आणि काढून ठेवलेल्या प्रत्येक तुकड्याची यादी तीन ठिकाणी द्यावी : जतन मंडळाकडे, मालक संस्थेकडे आणि मशिदीतच. मशिदीतल्या प्रतीत पहिल्या पानावर देखभालीचा तक्ता असावा. पन्हाळी शरद ऋतूत आणि बर्फ वितळल्यावर साफ कराव्यात, शिशाचे सांधे वर्षातून एकदा पाहावेत, भेगांवरच्या मापपट्ट्या दर तीन महिन्यांनी वाचाव्यात, आणि भूकंपाचा कितीही हलका धक्का बसला तरी त्याच दिवशी त्या पुन्हा वाचून आकडे तारखेसह तक्त्यात लिहावेत.